श्रीसंत गाडगे महाराज : एका निरक्षर भक्ताचे चरित्र

आपल्या परीट ज्ञातीत जन्मास आलेल्या या थोर पुरुषाची तसबीर भामरागडातील आपल्या मोजक्या घरांतही भिंतीवर दिसते. तसबिरीस हार घालणे सोपे असते. म्हणून ज्ञातिबंधू-भगिनींपुढे त्यांचे चरित्र थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

महाराजांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील मद्यापायी अकाली निवर्तले आणि मातोश्री सखूबाई मुलास घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. गुरे राखणे व नांगर धरणे हेच डेबूजींचे शिक्षण. पुढे मामांची जमीन सावकारी कर्जात बुडाली, तेव्हा निरक्षर माणसाच्या अंगठ्याची किंमत त्यांना कळून चुकली.

इसवी सन १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. कन्येच्या बारशास भाऊबंदांना मद्य व मटण घालण्याची तेव्हा रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण वाढले. पंगतीत कुरकुर झाली. ज्या वस्तूने वडील नेले ती आपल्या दारी येऊ द्यावयाची नाही, इतकेच त्यांचे म्हणणे होते. आजही आपल्या काही घरी बारशाच्या पंगतीस काय लागते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि सोबत मडक्याचे खापर. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पूर्णेकाठी ऋणमोचन येथे पौषात यात्रा भरते. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंकरिता त्यांनी तेथे स्वहस्ते माती-दगड वाहिले आणि पुढे घाट बांधविला. पर्लकोटा व इंद्रावतीच्या काठचा पावसाळ्यातील चिखल ज्यांनी तुडविला आहे, त्यांना या सेवेचे मोल निराळे समजावून देण्याचे कारण नाही. त्याच ऋणमोचनास आंधळ्या-पांगळ्यांना अन्नदान होऊ लागले.

पंढरपुरास ते वारीत जात, परंतु देवळात दर्शनाची धडपड न करता वाळवंट झाडीत. देव त्यांना वारकऱ्यांच्या गर्दीतच भेटत असावा. ज्या गावी जात ते गाव दिवसा झाडावयाचे आणि रात्री कीर्तन करावयाचे, हा क्रम. कीर्तनात संस्कृत श्लोकांचे अवडंबर नसे. श्रोत्यांस वऱ्हाडी बोलीत प्रश्न करावयाचा व उत्तर त्यांच्याच तोंडून काढावयाचे. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यास ते दूर सारीत. कोणी आपला शिष्य नाही, असे स्पष्ट सांगत. पुत्रनिधनाची वार्ता आली तेव्हाही त्यांनी कीर्तन थांबविले नाही.

ज्याने पोथी हाती धरली नाही, त्याने मुलांना शाळेत घालण्याचा आग्रह मात्र जन्मभर धरला. भांडी विकावी, हातावर भाकर घेऊन खावी, पण मुलास शिकवावे, हा त्यांच्या कीर्तनाचा नित्याचा विषय. अक्षरांचा त्यांना तिटकारा नव्हता; शेजारी उपाशी असता पोथीत डोके घालून बसणे त्यांना मानवत नसे. मुलांना अक्षरे गिरवावयास लावण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या प्रस्तुत लेखकास हा भेद फार उशिरा उमगला नाही, हे त्याचे भाग्य.

नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांस निवारा नव्हता, म्हणून तेथे चोखामेळा धर्मशाळा बांधविली आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. महाराज आमच्या ज्ञातीचे, असे आपण अभिमानाने म्हणतो. म्हणावे. परंतु स्वतः त्यांनी जात कधी मिरविली नाही, आणि आपल्या मंडळाच्या पंगतीत दुसऱ्या ज्ञातीचा माणूस, गावातला माडिया शेजारी, किती वेळा बसला, याचा हिशेब आपण अद्याप मांडलेला नाही.

लाखोंचा निधी हातून गेला, पण त्यांनी आप्तांस त्यातील काही घेऊ दिले नाही. १९५२ मध्ये संस्थांच्या कारभारासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे मोटारीने जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी, वाटेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. समाधी अमरावतीस आहे.