अबशालोम जोन्स आणि सेंट थॉमसचे मंदिर

अमेरिकेतील डेलावेअर प्रांती इ. स. १७४६ मध्ये एका गुलाम घराण्यात अबशालोम जन्मला. गुलामाचे मूल म्हणजे धन्याचे धन. लहानपणीच त्यास शेतातून काढून घरकामास लावण्यात आले. पाहुणे जाताना त्याच्या हातावर जे पैसे ठेवीत, ते साठवून त्याने मुळाक्षरांचे पुस्तक व नवा करार विकत घेतला, आणि ज्यास वाचता येई त्याच्या मागे लागून तो वाचावयास शिकला. रात्रीच्या शाळेत कंदिलापुढे बसून ज्यांनी अक्षरे गिरविली आहेत, त्यांस ह्या मुलाची ओळख वेगळी करून देणे नको.

तो सोळा वर्षांचा असता धन्याने त्याची आई, बहीण व पाच भाऊ विकून टाकले आणि त्यास एकट्यास घेऊन फिलाडेल्फिया शहरी दुकान मांडले. दिवसा दुकान व रात्री शाळा, असा त्याचा क्रम चालला. १७७० साली मेरी नावाच्या गुलाम स्त्रीशी त्याचे लग्न झाले. त्या देशाच्या कायद्याप्रमाणे आई गुलाम तर मुले गुलाम, आई मोकळी तर मुलेही मोकळी. म्हणून जोन्स ह्यांनी प्रथम पत्नीची सुटका विकत घेतली. त्यासाठी मित्रांकडून देणग्या व कर्ज घेतले, आणि मध्यरात्रीपर्यंत खपून ते फेडले. स्वतः त्यांस सुटका मिळाली ती पुष्कळ विनवण्यांनंतर, १७८४ साली.

त्या काळी ते सेंट जॉर्ज ह्या मेथॉडिस्ट मंडळीत उपासनेस जात व आपल्या लोकांस उपदेश करीत. मंडळी वाढली, तशी मंदिरात वर गॅलरी बांधावी लागली. तिच्या कामी कृष्णवर्णीय सभासदांनी पैसाही दिला व अंगमेहनतही केली. पुढे एका रविवारी ते गॅलरीत गुडघे टेकून प्रार्थना करीत असता एका कारभाऱ्याने जोन्स ह्यांस धरून ओढले. त्यांच्या लोकांची जागा मागे होती. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे त्यांनी सांगितले, पण कोणी थांबेना. प्रार्थना संपताच ते सर्व जण एकदम उठून बाहेर पडले. आपल्याकडेही काही गावी निराळे बसण्याची चाल बाप्तिस्म्यानंतर मंडळीत शिरून बसली होती, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे. तेव्हा परदेशास हसण्याचा आपणांस अधिकार नाही.

१७८७ साली जोन्स व त्यांचे मित्र रिचर्ड अ‍ॅलन ह्यांनी एक साह्य मंडळ काढले होते. सभासदाने महिन्यास एक शिलिंग द्यावा व त्यातून आजारी, विधवा व पोरकी मुले ह्यांस मदत व्हावी, अशी त्याची रीत होती. त्याच मंडळातून स्वतःच्या मंदिराची कल्पना निघाली. १७९३ च्या ऑगस्टात मंदिराचे छप्पर चढले, त्या दिवशी गावाबाहेर मोठ्या झाडांच्या सावलीत जेवण झाले. सुमारे शंभर सुतार व इतर गोरे लोक आधी जेवले व कृष्णवर्णीयांनी त्यांस वाढले. मग कृष्णवर्णीय जेवावयास बसले, आणि प्रतिष्ठित गोऱ्यांपैकी सहा जणांनी त्यांस वाढले! पंगतीचे मोल आपल्या वाचकांस मी काय सांगावे?

थोड्याच दिवसांत शहरात पीतज्वराची साथ पसरली. ज्यांस शक्य होते ते पळून गेले. डॉक्टर बेंजामिन रश ह्यांच्या समजुतीप्रमाणे कृष्णवर्णीयांस हा ज्वर बाधत नसे. ती समजूत खोटी ठरली व त्यांच्यातीलही शेकडो दगावले. तरी जोन्स व अ‍ॅलन ह्यांची माणसे रोग्यांची शुश्रूषा करीत व प्रेते पुरीत राहिली. साथ ओसरल्यावर एका गृहस्थाने छापले की, कित्येकांनी ह्या कामात पैसे उकळले व चोऱ्या केल्या. दोघांनी १७९४ साली एक पुस्तिका काढून जमाखर्चच पुढे ठेवला. त्यात जमेहून खर्च अधिक होता. मंडळीचा पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने अशी वही ठेवावी.

फिफ्थ स्ट्रीटवरील ते मंदिर १७ जुलै १७९४ रोजी देवास अर्पण झाले. दर्शनी भागी यशयाच्या नवव्या अध्यायातील, अंधारात चालणाऱ्यांस प्रकाश दिसल्याविषयीचे वचन कोरविले होते. सभासदांनी बहुमताने एपिस्कोपल पंथ पत्करला. अ‍ॅलन मात्र मेथॉडिस्टच राहिले व त्यांनी आपली निराळी मंडळी स्थापिली. सेंट थॉमसच्या अटी तीन होत्या : मंडळी जशी आहे तशी घ्यावी, तिचा कारभार तिच्याच हाती राहावा, आणि जोन्स ह्यांस वाचक नेमून पुढे योग्य ठरल्यास दीक्षा द्यावी. बिशप व्हाइट ह्यांनी १७९५ साली त्यांस डीकनची दीक्षा दिली. काही वर्षांनी ते प्रीस्ट झाले. त्या पंथातील ते पहिले कृष्णवर्णीय प्रीस्ट होत. परंतु पंथाच्या प्रांतिक सभेत मंडळीस जागा नव्हती, व त्यांच्या हयातीत ती मिळालीच नाही.

गुलामांविषयी त्यांनी व इतरांनी केलेला अर्ज १८०० साली अमेरिकेच्या काँग्रेसने ८५ विरुद्ध १ मताने झिडकारला. १ जानेवारी १८०८ रोजी परदेशातून गुलाम आणण्यास बंदी झाली, तेव्हा त्याच दिवशी जोन्स ह्यांनी सेंट थॉमसच्या व्यासपीठावरून निर्गमाच्या तिसऱ्या अध्यायावर आभाराचा उपदेश केला.

१३ फेब्रुवारी १८१८ रोजी ते प्रभूमध्ये निजले. फिफ्थ स्ट्रीटवरील मंदिर आता उरले नाही. मंडळी कित्येकदा जागा बदलून शहराच्या पश्चिमेस ओव्हरब्रुक येथे गेली, आणि त्यांच्या अस्थी तिने आपल्याबरोबर तेथे नेऊन जपल्या आहेत.