होमी भाभा
होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, आल्प्स पर्वत) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुऊर्जा कार्यक्रमाच्या ख्यातीमुळे त्यांचे विश्वकिरणांवरील मूलभूत संशोधन काहीसे झाकोळले. अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, या वडिलांच्या इच्छेनुसार ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. अभियांत्रिकी पूर्ण करून मात्र भौतिकशास्त्राकडे वळले. १९३५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

१९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली. गॅमा किरणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी, तिच्यापासून पुन्हा गॅमा किरण, अशी ही साखळी असते. मूळ किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाही; वर्षावामुळे वातावरणात क्षणमात्र चमकणारा निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश दुर्बिणीला टिपता येतो. लडाखमधील हानले येथील २१ मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण याच तत्त्वावर चालते.