शाळेचे दार उघडणारा राजा

एके काळी आपल्या देशात शाळेचे दार सर्व मुलांना सारखे उघडे नव्हते. काही मुलांना वर्गात जागा मिळे. काहींना बाहेर, इतरांपासून दूर बसावे लागे. आणि कित्येकांना तर शाळेची पायरीही ठाऊक नसे. जन्माने लादलेला हा भेद नाहीसा व्हावा म्हणून ज्या थोर पुरुषांनी आपली सत्ता व संपत्ती वेचली, त्यांत कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे नाव अग्रभागी आहे.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. कोल्हापूरचे राजे चौथे शिवाजी महाराज यांना पुत्र नव्हता. त्यांच्या निधनानंतर राणी आनंदीबाई यांनी १८८४ साली यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेवले. राजकोट व धारवाड येथे विद्याभ्यास करून, २ एप्रिल १८९४ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

धिप्पाड देहाच्या या तरुण राजाला कुस्तीचा मोठा षोक होता. परंतु त्याचे मन वेधले ते रयतेच्या दैन्याने. शेतकरी, कारागीर आणि ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत असे लोक यांच्या घरी अक्षरओळख जवळजवळ नव्हती. विद्या नाही म्हणून सरकारी नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून राज्यकारभारात त्यांचा शब्द नाही, अशी ही साखळी होती. ती तोडायची तर विद्येपासूनच आरंभ केला पाहिजे, हे महाराजांनी ओळखले.

खेड्यातील मुलाने कोल्हापुरास शिकावयास यावे, तर राहावे कोठे आणि जेवावे कोठे, हा पहिला प्रश्न होता. महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. पण जातिभेदाच्या त्या काळात मागासलेल्या जातींच्या मुलांना त्याचा लाभ होईना. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. १९०१ पासून त्यांच्या साहाय्याने मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा नाना समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीही वसतिगृह निघाले. एकाच नगरात इतक्या जातिधर्मांची मुले विद्येसाठी एकत्र आल्याने कोल्हापूरला वसतिगृहांची जननी असा लौकिक मिळाला.

शिकलेल्यांना कामही मिळावयास हवे होते. म्हणून १९०२ साली, इंग्लंडच्या प्रवासात असताना, महाराजांनी आज्ञा काढली. संस्थानच्या नोकरीत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्यात, अशी ती आज्ञा होती. कित्येकांनी तिला विरोध केला. परंतु महाराज डगमगले नाहीत.

तथापि वसतिगृहापर्यंत पोचणारी मुले थोडीच. गुरे राखणाऱ्या व शेतात राबणाऱ्या असंख्य मुलांचे काय? नामदार गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले होते. पण इंग्रज सरकारने ते संमत होऊ दिले नाही. जे इंग्रजी मुलखात झाले नाही, ते महाराजांनी आपल्या लहानशा संस्थानात करून दाखविले. १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड ठेवला. मुलाच्या मजुरीवर घर चालविणाऱ्या गरिबाला ही सक्ती प्रथम जाचक वाटली असेल. पण त्याच्या मुलाच्या भाग्याचे दार उघडण्यास दुसरी किल्ली नव्हती.

तरीही एक काटा सलतच होता. अस्पृश्यांच्या मुलांसाठी संस्थानात निराळ्या शाळा होत्या. तेथे मुले अक्षरे शिकत हे खरे. पण त्याबरोबर आपण इतरांहून वेगळे व हलके आहोत, हा खोटा धडाही त्यांच्या मनावर नकळत बिंबत असे. वसतिगृह ही राहण्याची सोय होती. शाळा ही उद्याच्या समाजाची बैठक होती. ती दुभंगलेली राहणे महाराजांना मान्य नव्हते. १९१९ च्या दसऱ्यापासून या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत, एकत्र बसवावे, असा हुकूम त्यांनी दिला. त्याच वर्षी सार्वजनिक विहिरी, दवाखाने व कचेऱ्या येथेही शिवाशिव पाळू नये, असे त्यांनी फर्माविले.

महाराज केवळ हुकूम काढून थांबत नसत. त्यांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचा सेवक होता. पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून त्याला इतर नोकरांनी निर्दयपणे मारले. महाराजांनी अपराध्यांना शासन केले आणि गंगारामला चहाचे दुकान काढण्यास पैसे दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा पिण्यास लोक कचरू लागले, तेव्हा महाराज स्वतः दुकानापुढे गाडी थांबवून चहा मागवीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही तो प्यावयास लावीत. राजाच्या त्या एका पेल्याने जे साधले, ते शंभर व्याख्यानांनी साधले नसते.

१९२० च्या मार्च महिन्यात माणगाव येथे अस्पृश्य समाजाची परिषद भरली. तिचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर होते. महाराज तेथे आपण होऊन गेले आणि समाजाला योग्य पुढारी लाभल्याबद्दल त्यांनी आनंद प्रकट केला. ६ मे १९२२ रोजी, अवघ्या ४७ व्या वर्षी, मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. महाराजांचा जन्मदिवस महाराष्ट्रात सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो. आज आपल्या बाकावर शेजारी बसणाऱ्या सोबत्याची जात वा धर्म न पुसता आपण त्याच्याबरोबर पुस्तक उघडतो. हे साधे सुख आपल्याला सहज लाभले आहे. परंतु ते मिळवून देण्यासाठी एका राजाला आपल्याच काळाशी झुंजावे लागले होते.