लक्ष्मीबाई टिळक : एका विवाहबंधनाची कथा

विसाव्या शतकाच्या आरंभीं वसई प्रांतांतील पापडी, माणिकपूर, नंदाखाल इत्यादि ठिकाणच्या ख्रिस्तमंदिरांत जीं लग्नें लागलीं, तीं नोंदवहींत उतरल्यावांचून राहत नसत. १९०८ च्या ईस्टरपासून अमलांत आलेल्या कॅथॉलिक नियमानें धर्मगुरु व दोन साक्षीदार यांच्या समक्ष झालेला विवाह वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारींहि लिहून ठेवणें आवश्यक ठरलें. आपल्या पणजोबांचा विवाह कोणास शोधावयाचा असेल, तर त्यानें प्रथम याच वह्या पाहाव्या. परंतु वहींत विवाहाचा दिवस सांपडतो. पुढें तो विवाह दोघांनीं कसा निभावला, हें तींत लिहिलेलें नसतें. तें जाणून घेण्यास त्याच काळांतील एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती कुटुंबाचें चरित्र फार उपयोगी पडेल. त्या कुटुंबाचा पाया ख्रिस्तमंदिरांत नव्हे, तर अंतरपाटाच्या दोन बाजूंस उभ्या राहिलेल्या दोन ब्राह्मण मुलांनीं घातला होता.

लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळ गोदावरीच्या कांठीं जलालपूर या गांवीं गोखले घराण्यांत झाला. त्यांचें माहेरचें नांव मनकर्णिका. वडील कमालीचे सोवळे. बाजारांतून आणलेलें सामानसुद्धां धुवून घेण्याकडे त्यांचा कटाक्ष असे. अशा घरांत वाढलेल्या या मुलीचें लग्न १८८० सालीं, अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या वयांत, नारायण वामन टिळक यांच्याशीं झालें. वर कोंकणांतील करजगांवचा. जन्म १८६१ सालचा. बुद्धि तीव्र, वाणी रसाळ, मन उदार. पण स्वभाव लहरी आणि पाय एका ठिकाणीं न ठरणारा. आज या गांवीं नोकरी तर उद्यां त्या गांवीं. आणि हातीं आलेला पैसा मागणाऱ्याच्या हातीं जाण्यास विलंब लागत नसे. लक्ष्मीबाईंनीं शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें. त्यांस अक्षरओळख करून दिली ती पतीनेंच.

१८९३ सालीं राजनांदगांवकडे जात असतां आगगाडींत टिळकांस एक युरोपियन गृहस्थ भेटला व त्यानें त्यांस बायबलांतील नव्या कराराचें पुस्तक दिलें. तें वाचतां वाचतां त्यांचें मन पालटलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळीं लहानग्या दत्तूसह नातलगांकडे होत्या. ही वार्ता कानीं येतांच त्यांच्यावर जणूं आकाश कोसळलें. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या पंक्तीस बसतां येत नाहीं. कुंकू आहे, पण संसार नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली. पुढें कांहीं काळ त्या पंढरपुरास राहिल्या.

हा विवाह येथेंच संपणें कायद्यानें शक्य होतें. १८६६ च्या कायद्याप्रमाणें, धर्मांतरामुळें पत्नी नांदावयास येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्या पतीस न्यायालयांत दाद मागतां येत असे. तिला विचारास वर्षाचा अवधि देऊनहि तिनें नकार दिला, तर विवाह मोडून त्यास पुन्हां लग्न करण्याची मोकळीक मिळे. परंतु टिळकांनीं हा मार्ग धरिला नाहीं. विश्वास न ठेवणारी पत्नी नांदावयास राजी असेल तर तिला सोडूं नये, अशी प्रेषित पौलाची करिंथकरांस शिकवण आहे. टिळकांचें आचरण त्या शिकवणीस धरून झालें. इकडे लक्ष्मीबाईंनींहि पतीचा धर्म नाकारला, पण पतीस नाकारलें नाहीं.

कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगर भागांत पतीकडे परतल्या, तें आपलें सोवळें बरोबर घेऊनच. एका छपराखालीं दोन चुली पेटूं लागल्या. पतीनें सक्ति केली नाहीं आणि पत्नीनें त्याला बरें वाटावें म्हणून श्रद्धेचें सोंग आणिलें नाहीं. जातिभेद ईश्वरानें केला कीं माणसानें, हा प्रश्न त्यांच्या मनांत घोळत राहिला. तो माणसानेंच केला, असा निर्णय त्यांचा त्यांनींच केला, आणि मग वेगळी चूल आपोआप विझली. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. दोघेंहि ख्रिस्ती झाल्यावर त्यांचें नव्यानें लग्न लावण्याचें कारण नव्हतें; ख्रिस्ती होण्यापूर्वीं रीतसर झालेला विवाह ख्रिस्ती धर्म खरा विवाहच मानतो. वीस वर्षांमागची ती गांठ कायम राहिली.

पुढील काळांत त्यांचें घर अनेकांचें घर झालें. पोरकीं मुलें तेथें वाढलीं. बालकवि ठोमरे यांस तेथें आईची माया मिळाली. टिळक १९०४ सालीं पाळक झाले व १९१२ पासून ज्ञानोदय पत्राचे मराठी संपादक राहिले. ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें.

मृत्यूनेंहि या सहजीवनाचें काम थांबलें नाहीं. टिळकांनीं आरंभिलेलें ख्रिस्तायन हें महाकाव्य थोड्या अध्यायांनंतर अपुरें राहिलें होतें. ज्या पत्नीस त्यांनीं मुळाक्षरें शिकविलीं, तिनें त्यांत ६४ अध्यायांची भर घालून तें पुरें केलें. १९३८ सालीं तें प्रसिद्ध झालें. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहानें लिहिलेलीं स्मृतिचित्रें १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत निघालीं. पतीचे गुण आणि हट्ट, स्वतःचे अश्रु आणि हंसूं, सर्व त्यांत घरगुती भाषेंत उतरलें आहे. मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचें स्थान आजहि अढळ आहे. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं लक्ष्मीबाई निवर्तल्या.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकीं बहुतेकांच्या घरीं आजी-आजोबांच्या किंवा त्यांच्याहि आईबापांच्या लग्नाची कथा मोठ्या हौसेनें सांगितली जाते. ती जरूर ऐकावी. पण लग्नाचा दिवस ऐकून झाल्यावर पुढचीं वर्षेंहि विचारावीं. अवर्षण, आजार, कर्ज, रुसवे यांतून तीं माणसें एकमेकांस कशीं धरून राहिलीं, हें त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावें. लक्ष्मीबाईंनीं लेखणी हातीं धरली म्हणून त्यांचा संसार आपणांस कळला. आपल्या घरच्या वडील मंडळींची कथा लिहिण्यास मात्र आपणांवांचून दुसरें कोणी नाहीं, आणि ती सांगणारीं माणसें फार दिवस थांबत नाहींत.