फरारबाईंची शाळा

गेल्या जूनमध्ये नातीच्या शाळाप्रवेशावरून आमच्या घरात चांगलाच वाद झाला. सूनबाईंना इंग्रजी माध्यम हवे, मला मराठी. वाद मिटला नाही. पण त्या निमित्ताने मला आमच्या नगरच्या एका जुन्या शिक्षिकेची आठवण झाली. मिस सिंथिया फरार, नगरकरांच्या फरारबाई.

फरारबाईंचा जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर प्रांतातला. अमेरिकन मिशनने परदेशी पाठवलेल्या अविवाहित स्त्रियांपैकी अगदी पहिल्या काहींत त्यांची गणना होते. १८२७च्या जूनमध्ये बोस्टनहून त्यांचे जहाज निघाले आणि डिसेंबरअखेर मुंबईला लागले. वय बत्तीस. पाठीशी नवरा नाही, गावात नातलग नाही. काम एकच, मुलींच्या शाळा सांभाळायच्या.

मुंबईत तेव्हा अमेरिकनांची वस्ती ती केवढी! १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट तिथे आले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना हुसकावायचाच प्रयत्न केला होता. ही मंडळी टिकली आणि आधी मराठी शिकली. बायबलचा नवा करार त्यांनी १८२६मध्ये मराठीत छापला. आज अमेरिकन माणूस जिथे जाईल तिथे इंग्रजी पोचते, असे आपण धरून चालतो. या अमेरिकनांचे गणित उलटे होते. लोकांच्या मनात शिरायचे तर त्यांच्याच भाषेतून, हे त्यांनी ओळखले होते. हेतू अर्थातच धर्मप्रसाराचा होता, तो लपवण्याचे कारण नाही. धर्मांतराची वार्ता पसरली की पटावरची मुले भराभर गळत. मुलींचे तर लग्न ठरले की शाळा सुटलीच. फरारबाईंना दर वर्षी नव्याने सुरुवात करावी लागे.

१८३७ साली प्रकृती ढासळली म्हणून त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या, तर कोणी नावे ठेवली नसती. पण १८३९मध्ये त्या परत आल्या, त्या थेट नगरला, आणि पुढची तेवीस वर्षे नगरच्याच झाल्या.

त्यांची ही शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि आपल्या मुलींसाठी असे काही करायचे, हे त्यांच्या मनाने घेतले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरारबाईंच्या हाताखाली गिरवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता गंमत पाहा. १८५४-५५ साली अमेरिकेहून रूफस अँडरसन हे मिशनचे वरिष्ठ पाहणीला आले. मिशनच्या शाळांत इंग्रजीला फाटा देऊन देशी भाषांवर भर द्यावा, असे त्यांचे धोरण ठरले. आणि १८५४ सालीच सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला. त्यात त्यांनी इंग्रजीला माउलीच्या जागी मानले आहे! साहेबाने म्हणायचे, मराठी पुरे. आणि जिला शतकानुशतके पाटीसुद्धा मिळाली नव्हती, तिने म्हणायचे, मला इंग्रजीही हवी.

मला हे वाचून प्रथम खटकले. मग वाटले, दोघांचेही खरे होते. मराठीतून शिकवले नसते, तर नगरच्या मुली शाळेत टिकल्याच नसत्या. पण सत्तेचे, नोकरीचे, कायद्याचे दार इंग्रजीचे होते, आणि त्याची किल्ली मूठभरांच्याच कमरेला राहावी, हे सावित्रीबाईंना मान्य नव्हते. पुढे मिशनच्या शाळांतही इंग्रजी आलीच. ती आणायला फक्त परदेशी माणसे कारण झाली नाहीत. आपल्या माणसांनी ती मागून घेतली.

२५ जानेवारी १८६२ रोजी फरारबाई नगरलाच वारल्या. ज्या मुलींना त्यांनी बाराखडी शिकवली, त्यांच्यापैकी बहुतेकींची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. आमच्या गावाचे नावही २०२४ साली बदलून अहिल्यानगर झाले.

नात शेवटी इंग्रजी शाळेतच गेली. मी हट्ट सोडला, पण एक अट घातली. रोज संध्याकाळी अर्धा तास ती माझ्याजवळ बसून मराठी वाचते. परवा तिला फरारबाईंची गोष्ट सांगितली. तिने विचारले, “आजोबा, त्या बाईंना मराठी कोणी शिकवलं?”

या प्रश्नाचे उत्तर मी अजून शोधतो आहे.