विश्लेषण : बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या जागांवर मुलांची मैदाने उभी करणाऱ्या लेडी अ‍ॅलन कोण होत्या?

सेन्सर आणि दिवे बसवलेल्या मैदानांवर मुलांनीच खेळाचे नियम ठरवावेत, असे प्रयोग आता होत आहेत. यामागची कल्पना मात्र जुनी आहे. ब्रिटनमध्ये ती रुजवली लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवूड यांनी. तेव्हाचे तंत्रज्ञान होते करवत, हातोडा आणि खिळे.

सुरुवात कशी झाली?
मार्जरी गिल यांचा जन्म १८९७ मध्ये इंग्लंडमधील केंट परगण्यात झाला. रेडिंग येथे उद्यानविद्या शिकून त्या उद्यानरचनाकार झाल्या. १९२१ मध्ये त्यांनी क्लिफर्ड अ‍ॅलन यांच्याशी विवाह केला. पहिल्या महायुद्धात सैन्यात जाण्यास नकार दिल्याने अ‍ॅलन यांनी तुरुंगवास भोगला होता. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर मार्जरी मुलांच्या प्रश्नांकडे वळल्या.

एका पत्राने काय बदलले?
अनाथ आणि निराधार मुलांच्या संस्थांमधील दुरवस्थेवर त्यांनी १९४४ मध्ये ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले. त्यावर पत्रांचा पाऊस पडला. सरकारने कर्टिस समिती नेमली आणि १९४८ मध्ये बालक कायदा झाला.

भंगाराचे मैदान म्हणजे काय?
डॅनिश रचनाकार सोरेन्सन यांच्या लक्षात आले होते, की मुले आखीव मैदानांपेक्षा बांधकामाच्या जागी जास्त रमतात. त्यांच्या कल्पनेतून १९४३ मध्ये, जर्मनीच्या ताब्यातील कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे पहिले मैदान सुरू झाले. तिथे घसरगुंडी-झोपाळ्यांऐवजी फळ्या, विटा, माती आणि अवजारे होती. काय बांधायचे, काय मोडायचे, हे मुलेच ठरवत. १९४६ मध्ये ते पाहून लेडी अ‍ॅलन परतल्या, तेव्हा लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यांनी ओसाड झालेल्या जागा पडून होत्या. या जागा मुलांना द्या, अशी मागणी त्यांनी ‘पिक्चर पोस्ट’ साप्ताहिकातून केली.

विरोध का झाला?
मुलांच्या हाती करवत देणे अनेकांना धोक्याचे वाटले. शिवाय शेजाऱ्यांच्या नजरेला ही मैदाने म्हणजे उकिरडाच. लेडी अ‍ॅलन यांचे म्हणणे असे, की जोखीम हाताळायला शिकलेले मूलच सावध होते. मात्र मुलांना वाऱ्यावर सोडायचे नव्हते. मैदानावर एक प्रौढ सहायक हवाच, पण त्याने खेळ ठरवायचा नाही. पुढे या जागांना ‘साहसी मैदान’ हे नाव मिळाले. १९५५ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात बॉम्बहल्ल्यात पडलेल्या शाळेच्या जागी असे मैदान सुरू झाले.

वारसा काय?
१९७० मध्ये चेल्सी येथे त्यांनी अपंग मुलांसाठीही साहसी मैदान उभारले. जोखमीचा आनंद या मुलांनाही मिळावा, यासाठी हा खटाटोप होता. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. आजच्या ‘स्मार्ट’ मैदानांनाही त्यांची कसोटी लागू पडते : खेळ यंत्र ठरवते की मूल?