गोवा पावडर आणि डॉ. पॉल उन्ना

निव्हिया क्रीमची निळी डबी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. त्या क्रीमच्या जन्माशी ज्यांचा संबंध आहे, त्या डॉ. पॉल गेर्सोन उन्ना यांचा आम्हा गोवेकरांशीही एक दूरचा धागा जुळतो. म्हणून ही ओळख.

उन्ना यांचा जन्म ८ सप्टेंबर १८५० रोजी जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे एका डॉक्टरांच्या घरी झाला. वैद्यकीय शिक्षण चालू असतानाच ते फ्रान्सविरुद्धच्या युद्धात गेले आणि गंभीर जखमी झाले. बरे झाल्यावर त्यांनी त्वचेच्या रचनेवर प्रबंध लिहिला, व्हिएन्नात हेब्रा यांच्याकडे धडे घेतले आणि १८८१ मध्ये हॅम्बुर्गला त्वचारोगांचे रुग्णालय काढले.

मलमात कोणते औषध घालायचे, एवढ्यावर उन्ना थांबले नाहीत. ते औषध त्वचेवर टिकून राहील कसे, याचाही त्यांनी विचार केला. बायर्सडॉर्फ या औषधविक्रेत्याबरोबर त्यांनी औषधी पट्ट्या तयार केल्या. पायावरच्या जखमांसाठीची त्यांची झिंकची पट्टी आजही 'उन्ना बूट' म्हणून ओळखली जाते.

आता गोव्याचा धागा. ब्राझीलमधील अरारोबा झाडाच्या खोडातील पिवळसर भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली. इथे ती गजकर्णावर लावत, म्हणून जगभर तिला 'गोवा पावडर' हे नाव पडले. १८७० च्या दशकात लंडनचे डॉ. बालमॅनो स्क्वायर यांनी ती सोरायसिसवर वापरली आणि गुण आला. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीत हा माल मिळेनासा झाला, तेव्हा बायर कंपनीने तशाच गुणाचे डिथ्रॅनॉल कारखान्यात बनवले. रुग्णांवरील त्याच्या उपयोगाविषयी १९१६ मध्ये गालेव्हस्की आणि उन्ना यांनी लिहिले. ते कपड्यांना डाग पाडते, निरोगी कातडीची आग करते. म्हणून ते कमी प्रमाणापासून सुरू करून फक्त चट्ट्यांवरच लावतात.

उन्ना १९१९ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २९ जानेवारी १९२९ रोजी निवर्तले.

सोरायसिस कायमचा घालवणारे औषध अजून नाही, पण तो आटोक्यात ठेवता येतो. आणि तो स्पर्शाने मुळीच पसरत नाही. तरीही हातावरचे चट्टे लपवत पंगतीत कडेला बसणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना आपल्या शेजारी बसवून घ्यावे, एवढीच आमची विनंती.